आमराईतला वलीमा

‘‘फुफी, थीम काय ठेवायची?’’

गेल्या पावसाळ्यातल्या एका रविवारी आमची पुतणी मोबाईल घेऊन ओट्यावर आमच्या शेजारी येऊन बसली आणि तिने हा प्रश्न टाकला. तिचा निकाह नुकताच ठरला होता. मुलगा बावनथडी नदीपलीकडचा, मध्य प्रदेशातल्या कटंगीचा. नाकाडोंगरी आणि कटंगी यांच्यात राज्याची सीमा आहे. पण सोयरीक, बाजार आणि बोली यांनी ती कधी मानलेली नाही. माणसे चांगली होती, देण्याघेण्याची भाषा कोणी काढली नव्हती. मुलीची एकच हौस होती : लग्न चार भिंतींच्या हॉलमध्ये नको, बागेत हवे.

आमच्या भागात बागेतल्या लग्नाला ‘लॉन’ म्हणतात. मग तिथे गवत असो की मुरमावर टाकलेला हिरवा गालिचा. पत्रिकेवर ‘अमुक लॉन’ छापले की घराण्याची इज्जत एक पायरी वर चढली असा आता सगळ्यांचाच समज झाला आहे. भाईजान मुलीला नाही म्हणू शकले नाहीत. दोन रविवार आम्ही तुमसर आणि भंडाऱ्याची लॉन पाहत फिरलो.

तिथे जे शिकलो ते आधी सांगतो, कारण कितीतरी वाचक भगिनी यंदा हीच वाट धरणार आहेत. लॉनवाल्याने सांगितलेला पहिला आकडा हा फक्त दरवाजा उघडण्याचा असतो. एका ठिकाणी भाडे ९० हजार सांगितले. मग कळले की खुर्च्या वेगळ्या, जनरेटरचे डिझेल वेगळे, साफसफाई वेगळी. स्वयंपाक त्यांच्याच माणसाकडून करून घ्यायचा, बाहेरचा बावर्ची चालणार नाही. भरलेली आगाऊ रक्कम कोणत्याही कारणाने परत मिळणार नाही, आणि पाऊस आला तर तो तुमचा. यातले काहीही कागदावर नव्हते. कागद मागितल्यावर मालकाचा चेहरा बदलला. म्हणून पहिला धडा : भाव कितीही असो, त्यात काय आहे आणि काय नाही, हे लिहून घेतल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये.

सजावटवाल्याकडे थीमचा अल्बम होता. ‘राजस्थानी थीम’, ‘दुबई थीम’, ‘मुघल बाग थीम’. पुतणीचा जीव मुघल बागेवर जडला. थर्माकोलच्या पांढऱ्या कमानी, मधोमध पाण्याचा कृत्रिम पाट, मागे कापडावर छापलेला घुमट आणि चार मिनार. आम्ही चष्मा लावून ते चित्र नीट पाहिले आणि हसू आवरेना.

‘‘बेटा, हा छत्रपती संभाजीनगरचा बीबी का मकबरा आहे. आठवी-नववीच्या सहलीत पोरांना घेऊन आम्ही तिथे गेलो आहोत. दिलरस बानो बेगम यांची कबर आहे ती. कबरीच्या दारात बसून कबूल है म्हणणार का?’’

तीही हसली. पण गोष्ट विचार करण्यासारखी होती. मकबऱ्याभोवतीची बाग खरोखर देखणी आहे. चौकोनाचे चार भाग, मधून पाण्याचे पाट, कडेने झाडे; याला चारबाग म्हणतात. कुरआनात जन्नतचे वर्णन येते ते बागांचे आणि त्यांच्याखालून वाहणाऱ्या पाण्याचे. मुसलमान बादशहांनी बागा लावताना त्या वर्णनाचीच आठवण ठेवली. म्हणजे चारबागेतले मोलाचे काय, तर जिवंत झाड, वाहते पाणी आणि सावली. थर्माकोलच्या थीममध्ये नेमके तेवढेच नव्हते.

या ‘मुघल बागे’ची किंमत दीड लाख. मुलाकडच्यांनी मोठ्या मनाने सांगितले होते, ‘‘लॉन तुमचे, थीमचा खर्च आमचा.’’ भाईजानांच्या वाट्याला लॉनचे भाडे, जेवण आणि बाकी सगळे. त्यांनी रात्री वहीत हिशेब मांडला. त्यांची तीन एकर धानाची शेती. हिशेब संपल्यावर वही मिटली आणि एवढेच म्हणाले, ‘‘बघू, एक एकर कोणी गहाण घेतो का.’’

दादी आतल्या खोलीत पलंगावर होती. तिला ऐकू कमी येते, पण ‘गहाण’ हा शब्द तिला बरोबर ऐकू आला.

फुलांची किंमत आणि मुलीचा हक्क

दुसऱ्या दिवशी पुतणी पुन्हा आली. या वेळी मोबाईल हातात नव्हता. म्हणाली, ‘‘फुफी, एक विचारू? मेहेर किती ठरला आहे?’’

आम्ही सांगितले, ११ हजार. आमच्या भागात सर्वसाधारण एवढाच ठरतो. कोणी फारसे बोलत नाही. काझीसाहेब विचारतात, कोणीतरी एक आकडा सांगतो.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘‘एका संध्याकाळच्या फुलांना दीड लाख, आणि मला ११ हजार?’’

वीस वर्षे वर्गात उभे राहून आम्ही मुलांच्या प्रश्नांना उत्तरे दिली आहेत. या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. मेहेर हा काही उपचार नाही. कुरआनच्या सूरह निसामध्ये स्त्रियांचे मेहेर त्यांना खुशीने देऊन टाकण्याची ताकीद आहे. तो वडिलांचा नाही, भावाचा नाही, सासरचाही नाही. तो फक्त तिचा आहे. आणि आपण काय करतो? जे फर्ज आहे ते पुटपुटत उरकतो, आणि ज्याला दीनमध्ये कसला आधार नाही त्याच्यासाठी जमीन गहाण टाकायला निघतो.

वलीम्याबद्दल प्रेषित मुहम्मद (स.) यांचे जीवन किती स्पष्ट आहे ते पाहा. हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (र.) यांचा निकाह झाल्याचे कळल्यावर त्यांना सांगितले गेले की वलीमा कर, मग एका बकरीचा का असेना. स्वतः प्रेषितांचा (स.) हजरत सफिया (र.) यांच्याशी निकाह झाला तो हिजरी ७ मध्ये, खैबरहून मदीनेला परतताना, प्रवासात. तो वलीमा उघड्या आकाशाखाली झाला. चामड्याचे दस्तरखान जमिनीवर अंथरले गेले. खजूर, पनीर आणि तूप त्यावर ठेवले गेले. ना रोटी होती, ना गोश्त. ज्याच्याजवळ जे होते ते त्याने आणून ठेवले. बुखारी शरीफमध्ये हे सविस्तर आले आहे. बागेतल्या लग्नाची हौस असलेल्या मुलीला याहून सुंदर नमुना आम्ही कुठून दाखवणार होतो?

आणखी एक हदीस बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे, ती लॉनच्या पाहुण्यांची यादी करताना आठवावी अशी. ज्या वलीम्याला श्रीमंतांना बोलावले जाते आणि गरिबांना सोडून दिले जाते, त्या वलीम्याचे जेवण सर्वांत वाईट. लॉनवाला ताटामागे पैसे मोजतो. मग यादी कापायची वेळ आली की कात्री कोणाच्या नावावर चालते? ज्यांच्या येण्याने इज्जत वाढते त्यांच्यावर नाही. शेतावर राबणाऱ्या बाईचे नाव कापले जाते, खाणीत रोजंदारीवर जाणाऱ्या शेजाऱ्याचे कापले जाते. भाईजानांच्या यादीत हेच चालले होते, आणि ते पाहून त्यांनाच बरे वाटत नव्हते.

आम्ही भाईजानांना एवढेच म्हटले, ‘‘बाग हवी ना मुलीला? अब्बांनी लावलेली आमराई काय आहे मग?’’

गावाबाहेर, शेताच्या बांधाला लागून आमच्या मरहूम वडिलांनी लावलेले आंबे आहेत. मोठी झाडे एकोणीस. मधे मोकळी जागा. लहानपणी आम्ही तिथे सुट्ट्या काढल्या. पण लग्नासाठी ती जागा कोणाच्या मनातच आली नव्हती, कारण तिला भाडे नव्हते.

भाईजान मुलाच्या वडिलांना भेटायला कटंगीला गेले. सोबत आम्हीही गेलो. बोलणे अवघड होते; आपण मागणी करतो आहोत असे वाटू नये ही धास्ती. शेवटी सरळ सांगितले : थीमचा दीड लाख फुलांवर नको. तुमची खुशी असेल तर तो मुलीच्या मेहेरात जावा. जागा आमची. आणि जेवण? मुलाचे वडील क्षणभर थांबले, मग म्हणाले, ‘‘वलीमा तर आमच्यावरच आहे. मग दोन दिवस दोन जेवणावळी कशाला? एकच करू, ती आमच्याकडून.’’ निकाहनंतर त्याच दिवशी वलीमा करता येतो का हे आमच्या मशिदीतल्या मौलानांना विचारले. त्यांनी हरकत नसल्याचे सांगितले. असे ठरले : निकाह असरनंतर मशिदीत, वलीमा मगरिबनंतर आमराईत.

गहाणाचा विषय त्या दिवशी संपला.

आधी तारीख, मग बाग

उघड्यावर लग्न करायचे तर मालक लॉनवाला नसतो, ऋतू असतो. त्याला विचारल्याशिवाय तारीख धरू नये.

पुतणीला पळसाच्या दिवसांत लग्न हवे होते. फाल्गुनात आमच्याकडचे रान केशरी होते, त्याहून सुंदर थीम कोणता सजावटवाला देणार? पण त्या दिवसांत विदर्भात अवकाळी पाऊस आणि गारपीट कधी येईल नेम नसतो. सध्या रमजानही फेब्रुवारी-मार्चच्या आसपास येतो आहे. दरवर्षी तो दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो, हे दोन-तीन वर्षे पुढच्या तारखा धरणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. शिवाय तेव्हा आंबा मोहरलेला असतो. मोहराचा वास दुरून गोड लागतो. पण त्यावरच्या तुडतुड्यांमुळे झाडाखाली बारीक चिकटा गळत राहतो. नवरीच्या ओढणीवर, खुर्चीवर, ताटात. ज्याने मोहरलेल्या आंब्याखाली बैलगाडी उभी केली आहे त्याला हे सांगावे लागत नाही.

एप्रिल-मे म्हणजे आमच्याकडे भट्टी. पावसाळ्याचा प्रश्नच नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात धान कापणीला येते. माणसे शेतात असतात आणि धानावरचे हिरवे तुडतुडे थव्याने दिव्यावर येतात. भर जेवणात पुलावावर त्यांची खिरापत पडते. म्हणून कापणी आटोपल्यावर, डिसेंबरचा पहिला आठवडा. हवा कोरडी, आकाश स्वच्छ, शेते रिकामी. थंडी असते, पण जेवण लवकर आटोपले तर सोसते.

आता तारीख कोणती? इथे आपल्या हिजरी कॅलेंडरची एक खुबी उपयोगी पडली. आपला महिना चंद्रावर चालतो, त्यामुळे तेराव्यापासून पंधराव्या रात्रीपर्यंत चांदणे हमखास भरलेले असते. आम्ही जमादिलाखरची चौदावी धरली. चांदणे फुकट असते, आणि वीज गेली तरी ते जात नाही.

जागा पाहताना

आमराई आपलीच असली तरी परक्याच्या डोळ्यांनी पाहिली पाहिजे. आम्ही लग्नाची जी वेळ ठरली होती त्याच वेळी, महिनाभर आधी, दोन संध्याकाळी तिथे जाऊन बसलो. दिवसा पाहिलेली जागा रात्री वेगळीच असते.

पहिली गोष्ट दिसली ती विहीर. जुनी, कठडा पडलेली. लग्नात तीस-चाळीस पोरे धावणार. भाईजानांनी लोखंडी जाळी बसवून घेतली. लग्नाच्या सगळ्या खर्चात सर्वांत आधी हा खर्च झाला. दुसरी गोष्ट, कोपऱ्यातल्या आंब्यावर आग्यामोहोळ होते. चुलीचा धूर आणि रात्रीचे झगझगीत दिवे दोन्ही त्या माश्यांना चेतवतात, आणि त्या उठल्या तर लग्नाचे रणांगण होते. गावात मध काढणारा जाणता माणूस आहे. त्याला दाखवून पंधरा दिवस आधी ते काढून घेतले. तरीही चुली आम्ही आमराईच्या दुसऱ्या टोकाला, वाऱ्याची दिशा पाहून लावल्या.

दादीला चाकांच्या खुर्चीतून आणायचे होते. रस्त्यापासून झाडांपर्यंतची वाट खड्ड्यांची होती. तिच्यावर मुरूम टाकून दाबून घेतला. लॉन पाहताना हा प्रश्न कोणी विचारतच नाही. पहिल्या मजल्यावरचे हॉल आणि उंच स्टेज पाहून दरवेळी घरातली म्हातारी माणसे ‘‘तुम्ही जा, आम्ही घरीच बरे’’ म्हणतात आणि आपण ते खरे मानतो.

बायकांची बसण्याची जागा आम्ही आतल्या बाजूच्या सहा झाडांमध्ये केली, दोन्ही बाजूंनी कनाती. मधे मोकळी हवा राहील इतपत उंच. पश्चिमेकडे कनातीबाहेर जमीन झाडून, सारवून नमाजची जागा, बाजूला वजूसाठी पाण्याची टाकी आणि बसायला दगड. मगरिब आणि इशा दोन्ही तिथेच होणार होत्या. कितीतरी लग्नांत वलीम्याच्या गर्दीत नमाज कुठे पढायची हे पाहुणे एकमेकांना विचारत असतात. एक टाकी आणि चार सतरंज्या एवढाच तो खर्च आहे.

आवाजाचे म्हणाल तर लाऊडस्पीकर लावायचाच नाही असे ठरले. ज्यांना लावायचा आहे त्यांनी परवानगी घ्यावी आणि हे ध्यानात ठेवावे की २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर तो वाजवता येत नाही. फटाके तर नाहीतच. आमच्या बाजूला जंगल आहे. आग आणि घाबरलेले जनावर, दोन्ही लग्नाला नकोत. त्याच कारणाने जेवण साडेआठच्या आत संपवायचे ठरवले. जंगलच्या रस्त्याने अंधारात दुचाकीवर बायको-मुलांना घेऊन परतणारा पाहुणा घरी पोहोचेपर्यंत यजमानाच्या जिवात जीव नसतो.

एक चूक मात्र झाली, ती कबूल करतो. संडास आम्ही तात्पुरते दोनच उभे केले. पुरुष कुठेही जातात. बायकांचे काय हाल होतात ते आम्ही स्वतः बाई असून विसरलो. त्या रात्री वयस्क बायकांची रांग पाहून मान खाली गेली. उघड्यावर लग्न करणाऱ्यांनी फुलांच्या आधी हा आकडा लिहावा.

थीम सापडली

आता राहिली थीम. पुतणीने ती स्वतः शोधली. एक दिवस म्हणाली, ‘‘फुफी, आपल्याकडे डिसेंबरात काय असते?’’ आम्ही म्हटले, धान असते, आणि काय असणार? तीच थीम झाली.

कापणीच्या वेळी भाईजानांनी लोंब्यांसकट शंभरेक पेंढ्या बाजूला ठेवल्या. त्या लाल सुती पट्ट्यांनी बांधून झाडांच्या बुंध्यांना लावल्या. बुरडाकडून बांबूच्या टोपल्या आणि सुपे घेतली, त्यांत झेंडू. भंडारा पितळेच्या भांड्यांचे गाव म्हणून ओळखले जाते. आमच्या घरात आणि शेजारीपाजारी जेवढे हंडे, परात, तांबे होते ते राख-चिंचेने घासून पाण्याने भरून ठेवले. पिवळ्या दिव्यांच्या माळा लावल्या, त्याही जेवणाच्या जागेपासून जरा दूर. पांढऱ्या दिव्यावर किडे जास्त येतात. खाली तणस पसरून त्यावर सतरंज्या, म्हणजे थंडी वर येत नाही. तणसाजवळ आग नको म्हणून बिडी ओढणाऱ्यांना रस्त्यावर बसण्याची विनंती केली, आणि पाण्याचे ड्रम भरून ठेवले.

नवरीचा जोडा कोशाचा. मोहाडी तालुक्यातले आंधळगाव कोशाच्या विणकामासाठी ओळखले जाते. आपल्याच जिल्ह्यात विणलेले रेशीम सोडून सुरतेचे चमकते कापड का घ्यावे? नवरदेवालाही त्याच कापडाचा कुर्ता करू असे कोणीतरी सुचवले. दादीने लगेच आठवण दिली की पुरुषाला रेशीम वर्ज्य आहे. त्याचा कुर्ता खादीचा शिवला.

जेवणात पुलाव, दालचा आणि चिन्नोर तांदळाची खीर. चिन्नोर आमच्या मातीतला सुगंधी तांदूळ, त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. ताटे नाहीत, पळसाच्या पानांच्या पत्रावळी. शाकाहारी मंडळींसाठी वेगळी चूल, वेगळी भांडी आणि त्यांच्यातलाच आचारी : भात, वरण, वांग्याची भाजी. आमच्या अंदाजाने शाकाहारी साठ.

तो दिवस

निकाह असरनंतर झाला. काझीसाहेबांनी मेहेर विचारला तेव्हा मुलाने स्वतः आकडा सांगितला, एक लाख एकसष्ट हजार, आणि रक्कम त्याच बैठकीत पाकिटातून भाईजानांच्या हाती मुलीसाठी दिली. मागे बसलेल्या दोन-तीन तरुणांनी एकमेकांकडे पाहिले. आमच्या गावात मेहेर असा सगळ्यांसमोर, रोख, आम्ही तरी पहिल्यांदा पाहिला.

मगरिबनंतर आमराई भरू लागली. चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणींतली पाळी संपवून आलेले शेजारी, शेतावरच्या बाया, शाळेतले सहकारी, तुमसरचे व्यापारी, कटंगीचे वऱ्हाड. एकाच सतरंजीवर. पत्रावळीला ना पहिला वर्ग असतो ना दुसरा.

साडेसातच्या सुमारास आचारी घाईघाईने आला. शाकाहारी भात संपत आला होता आणि अर्धी माणसे अजून बाकी होती. आम्ही चक्रावलो. जी घरे दरवेळी आमच्याकडचा पुलाव मागून घेतात, तीही यंदा तिकडच्या पंगतीत बसली होती. मग लक्षात आले : मार्गशीर्ष चालू होता. दत्तजयंती नुकतीच होऊन गेली होती. कितीतरी घरांत हा महिनाभर वशाट शिजत नाही. आम्ही आमचा चंद्र पाहून तारीख धरली, पण तोच चंद्र शेजाऱ्यांच्याही कॅलेंडरवर असतो, हे शाळेत सगळ्या धर्मांचे सण शिकवणाऱ्या आम्हाला सुचले नाही.

काय करावे कळेना. नवा भात शिजायला वेळ लागणार होता. तेवढ्यात आमच्या शेजारच्या काकू उठल्या. पाटलाची सून, शाळेत कधीकाळी आमची विद्यार्थिनी, तीही उठली. ‘‘मॅडम, तुम्ही बसा,’’ एवढेच म्हणाली. वीस मिनिटांत मोटारसायकलींवरून पातेली येऊ लागली. कोणाकडचा रात्रीचा भात, कोणाकडची भाजी, कोणाकडच्या पोळ्या फडक्यात बांधलेल्या, एकीने तर बरणीतले लिंबाचे लोणचे आणले. सगळे सतरंजीवर मांडले गेले. मुलाचे वडील हात जोडून उभे होते. काकूंनी त्यांना दटावले, ‘‘पोरगी आमचीही आहे.’’

दादी पहिल्या आंब्याखाली आपल्या खुर्चीत शालीत गुरफटून बसली होती. हा आंबा अब्बांनी लावला तेव्हा ती तिशीत होती. येणारी प्रत्येक बाई तिच्याजवळ वाकत होती, आणि ती प्रत्येकीला जेवलीस का विचारत होती. लॉनवर लग्न झाले असते तर ती घरी असती, आणि तिच्याजवळ आमच्यातले कोणीतरी चिडून बसले असते.

साडेआठला पंगती उठल्या. हजरत जैनब (र.) यांच्या वलीम्यात काही पाहुणे जेवूनही गप्पा मारत बसून राहिले आणि प्रेषितांना (स.) संकोच वाटला, जेवण झाल्यावर निघावे, ही शिकवण सूरह अहजाबमध्ये आली आहे. आमच्या पाहुण्यांना ती सांगावी लागली नाही, थंडीनेच सांगितली. पत्रावळ्या खड्ड्यात गेल्या, पुढच्या पावसात त्यांचे खत झाले.

लोंब्यांच्या पेंढ्या आम्ही तशाच झाडांना ठेवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मांडव आवरायला गेलो तर चिमण्यांची त्यावर झुंबड उडाली होती. चार-पाच दिवस त्यांचा वलीमा चालू होता.

शेवटी हिशेबाचे

आमच्याकडे आता विचारायला माणसे येतात. आमराई भाड्याने देता का, असेही दोघांनी विचारले. भाईजान म्हणतात, भाडे नको, फक्त विहिरीवरची जाळी काढू नका. सगळ्यांकडे आमराई नसते, हे खरे. पण कोणाचे खळे असते, कोणाची परसबाग, कोणाच्या गावाला नदीकाठचे मैदान. परवानगी घेऊन, झाडून, पाण्याची आणि बायकांची सोय करून ती जागा लग्नाची करता येते. आणि लॉनच घ्यायचे असेल तरी घ्यावे. त्यात गुन्हा नाही. फक्त त्याआधी घरात तीन प्रश्न मोठ्याने विचारावे. यासाठी काही गहाण पडते आहे का? यादीतून कोणाचे नाव कापले जाते आहे? आणि सजावटीचा आकडा मेहेराच्या आकड्याशेजारी लिहिला तर वाचताना शरम वाटते का?

आमच्या पुतणीने मेहेराची रक्कम तुमसरच्या बँकेत आपल्या नावावर ठेवली होती. मागच्या आठवड्यात तिचा फोन आला. बी.एड.ला प्रवेश मिळाला, पहिल्या वर्षाची फी तिने त्याच पैशातून भरली. नवऱ्याने भरतो म्हटले होते. तिने नको म्हटले. पावतीचा फोटो तिने आम्हाला पाठवला आहे. खाली लिहिले आहे, ‘फुफी, ही बघा माझी थीम.’